कोणीच न उघडलेला तक्ता

१

यादीतल्या सव्विसाव्या ओळीवर शून्य होतं, आणि मोजणीताईला ते काही केल्या पचेना.

मोजणीताई हे नाव तिला ऑफिसातच पडलं होतं. ती काम करायची त्या भांडारात धान्य नव्हतं की औषधं नव्हती, तक्ते होते. दवाखाने, प्रयोगशाळा, विद्यापीठं आपापल्या संशोधनातली मोजमापं इथे आणून ठेवत. ज्याला हवी त्यानं ती उतरवून घ्यावी, वापरावी, आणि आपल्या निबंधात तसा संदर्भ द्यावा, एवढीच अट. कोणता तक्ता किती जणांनी उघडला, किती जणांनी उतरवून घेतला आणि पुढे किती निबंधांत त्याचा संदर्भ आला, हे मोजणं तिचं काम. बारा वर्षं ती हेच करत होती. लोक विचारायचे, कंटाळा नाही येत? ती म्हणायची, कोणी काय वाचतं हे चोरून बघायला मिळतं आणि वर पगार मिळतो, कंटाळा कशाला येईल.

वर्षातून एकदा न वापरलेल्या तक्त्यांची यादी निघे. वर्षभरात ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही, तो तक्ता मांडणीवरून काढून तळघरातल्या चुंबकीय फितींवर जाई. तिथून तो कोणी पुन्हा वर आणल्याचं कोणाच्या आठवणीत नव्हतं. यंदाच्या यादीत अडतीस नावं होती. शुक्रवारी दुपारी बाराला संचालकबाईंची सही व्हायची होती. आज मंगळवार होता.

सव्विसाव्या ओळीवर तिच्या आत्याचा तक्ता होता.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. लहान बाळांचे कान तपासायचं काम तिनं आयुष्यभर केलं. चौदा वर्षं ती खांद्याला यंत्राची पेटी अडकवून प्रसूतिगृहांतून हिंडली आणि कितव्या आठवड्याच्या बाळाला किती बारीक आवाज ऐकू यायला हवा, याचा तक्ता तिनं तयार केला. नात्याचा तक्ता म्हणून मोजणीताई त्याला स्वतः हात लावत नसे. ऑफिसचा तसा नियमच होता. त्याची मोजणी यंत्र परस्पर करी.

पण शून्य? तिनं खण उघडला. गेल्या वर्षभरात छापून आलेले तीन निबंध तिथे होते, आत्याला दाखवायला म्हणून तिनं बाजूला ठेवलेले. तिन्हींच्या शेवटी संदर्भांत आत्याचा तक्ता होता. म्हणजे तक्ता कोणी उघडला नाही, उतरवला नाही, आणि तरी तिघांनी तो वापरला. हे काही गणितात बसत नव्हतं. तिनं दोनदा खुर्ची मागे सारली, दोनदा परत बसली, आणि शेवटी उठून जिना उतरून यंत्रमास्तरांकडे गेली.

भांडारातली सगळी यंत्रं यंत्रमास्तरांच्या ताब्यात. माणूस तिरसट, पण कामाला पक्का. त्यांनी तक्त्याची नोंद उघडली आणि ओठांचा चंबू केला.

“याच्यावर नमुन्याची खूण आहे,” ते म्हणाले.

नव्या लोकांना काम शिकवायला भांडारात काही खोटे तक्ते ठेवलेले असत. त्यांच्यावर ‘नमुना’ अशी खूण असे, आणि मोजणीचं यंत्र त्यांच्यापुढे शून्य टाकून पुढे जाई. खऱ्या तक्त्यावर ती खूण म्हणजे दुकान उघडं ठेवून पाटी ‘बंद’ची लावल्यासारखं होतं. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं, हिशेबात मात्र कोणी धरत नव्हतं.

“कोणी केली?” तिनं विचारलं.

मास्तरांनी आणखी दोन बटणं दाबली आणि पडदा तिच्याकडे वळवला.

“ताई,” ते म्हणाले, “इथे तुमचं नाव आहे.”

२

संचालकबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांना त्याची कधी गरज पडत नसे. त्यांनी फक्त विचारलं, की स्वतःच्या आत्याच्या तक्त्यावर तुम्ही खूण का केली. मोजणीताई म्हणाली, मी केली नाही. मग कोणी केली, असं त्यांनी विचारलं. शुक्रवारी बारापर्यंत उत्तर आणा, नाहीतर चौकशी समितीकडे कागद जातील, एवढं बोलून त्यांनी पुढची फाइल उघडली.

 बारा वर्षं तिनं आकड्याला आकडा जुळवला होता. मोजणाऱ्याचा शब्दच खोटा ठरला, तर त्यानं मोजलेलं कोण खरं धरणार?

बदलाच्या नोंदीचा कागद तिनं छापून घेतला आणि व्हरांड्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून वाचला. मागच्या वर्षीची तारीख, बुधवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तिच्याच टेबलावरच्या यंत्रातून, तिच्याच नावानं. खाली चार रकाने: कारण, आधार, जोडपत्र, शेरा. ते भरलेच पाहिजेत असं नसतं, त्यामुळे कोणीही भरत नाही. या कागदावर चारही रकान्यांत एकेक छोटी आडवी रेघ होती. यंत्रानं आपोआप टाकली असेल, असं म्हणून ती पुढे सरकली.

मग तिनं जुनी डायरी काढली. त्या बुधवारी मासिक बैठक होती, अकरा ते साडेबारा. तिला आठवलं, बैठकीला उशीर झाला म्हणून शिपाई बोलवायला आला होता आणि ती तशीच उठून धावली होती. पडदा तसाच चालू. तेवढी चूक तिची होती, आणि ती तिला डाचू लागली.

पण त्याच डायरीनं दोघांना संशयातून सोडवलं. तिला आधी संशय यंत्रमास्तरांचाच आला होता. जागा अपुरी पडते म्हणून ते जुन्या तक्त्यांवर खार खाऊन असत. पण त्या बैठकीत जागेवरूनच वाद झाला होता, आणि मास्तर सलग चाळीस मिनिटं बोलले होते, असं डायरीतल्या तिच्या टिपणात लिहिलेलं होतं. संचालकबाई समोर बसून ते ऐकत होत्या. दोघांपैकी कोणीही खोलीबाहेर पडलं नव्हतं.

म्हणजे बाहेरचं माणूस. ती तरातरा फाटकावर गेली आणि वॉचमनकाकांकडून त्या महिन्याची वही मागून घेतली. बुधवारच्या पानावर एकच सही होती. वेळ अकरा वाजून पाच मिनिटं.

सही तिच्या ओळखीची होती. आत्याच्या तक्त्याच्या शेजारी ज्यांनी वर्षभरापूर्वी आपला नवा तक्ता आणून ठेवला होता, त्या मोठ्या इस्पितळातल्या कानाच्या डॉक्टरांची.

३

संध्याकाळी ती आत्याकडे गेली. एकाच इमारतीत, ही तिसऱ्या मजल्यावर आणि आत्या पहिल्या. आई गेल्यापासून जेवण एकत्रच होई. ऑफिसातली एकेक गोष्ट आत्याला पाठ होती; नव्या लोकांना शिकवायचं भाषणसुद्धा मोजणीताई आधी आत्यासमोर म्हणून बघायची. बुधवारी आत्या भांडाराच्या वाचनालयात येऊन बसे, आणि मग दोघी मिळून घरी येत.

तिनं सगळं सांगितलं. शून्य, खूण, स्वतःचं नाव, डॉक्टरांची सही. बोलताना तिला एका जागी बसवत नव्हतं. ओट्यापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत फेऱ्या चालल्या होत्या.

आत्या भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

“जाऊ दे ना,” ती म्हणाली. “जुना तक्ता आहे. आता नवे आलेत. जाईना का तळघरात.”

“आत्या, चौदा वर्षं आहेत तुझी.”

“तेच म्हणतेय मी. झाली की चौदा वर्षं. किती दिवस मिरवायची?”

मोजणीताईला त्या बोलण्याचं वाईट वाटलं. आत्याला आपलं कौतुक कधीच सहन होत नसे. निवृत्तीच्या समारंभाला ती ताप आल्याचं सांगून घरी बसली होती. हे त्यातलंच, असं तिनं धरलं. मग ती म्हणाली, की तक्त्याचं सोड, पण नाव माझं लागलंय, माझी नोकरी जाईल.

आत्याचा हात थांबला. सुरी तिनं खाली ठेवली.

“तुझी नोकरी कशी जाईल? यंत्राची चूक म्हणून सोडून देतील.”

“यंत्राची नाही ना चूक. कोणीतरी माझ्या खुर्चीत बसून केलंय.”

 जेवताना आत्यानं पानातलं इकडचं तिकडे केलं आणि पोटात बरं नाही म्हणून उठली. आपण उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर लावला, असं मोजणीताईला वाटलं. आता काही झालं तरी डॉक्टरांना सोडायचं नाही, असं ठरवूनच ती जिना चढली.

४

कानाच्या डॉक्टरांची खोली इस्पितळाच्या मागच्या बाजूला होती. भिंतींना जाड फोम लावलेला, त्यामुळे आत पाऊल टाकताच आपलाच आवाज परका वाटे. डॉक्टर चाळिशीचे, बोलके, आणि टेबलावर कागदांचा असा पसारा की चहाचा कप ठेवायला त्यांना आधी एक ढीग खुर्चीवर हलवावा लागला.

मोजणीताईनं आडपडदा ठेवला नाही. आत्याचा तक्ता मांडणीवरून गेला तर कानाच्या क्षेत्रात तुमचा एकच तक्ता उरतो, ती म्हणाली. पुढचे सगळे संदर्भ तुम्हाला मिळतील. तुमची बढती संदर्भांवर ठरते. आणि त्या बुधवारी तुम्ही आमच्या इमारतीत होतात.

डॉक्टरांनी रागवायला हवं होतं. त्याऐवजी ते हसले.

“माझ्या तक्त्याच्या नोंदीत पहिलं वाक्य काय आहे, वाचलंत का?”

तिनं वाचलं नव्हतं. त्यांनी उघडून दाखवलं. त्यांची सगळी मोजमापं आत्याच्या तक्त्याशी ताडून पाहिलेली होती, ओळीओळीला. जुना तक्ता गेला तर त्यांच्या कामाचा पायाच निघणार होता. त्यांनी स्वतः नऊ निबंधांत आत्याचा संदर्भ दिला होता. जगात इतक्या वेळा दुसऱ्या कोणी दिला नव्हता. त्या बुधवारी ते आपल्या अर्जातले राहून गेलेले रकाने भरायला आले होते. मोजणीताईनंच तीन पत्रं पाठवून त्यांना बोलावलं होतं.

तिला ते आठवलं. या माणसाच्या अर्जात अर्धे रकाने कायम रिकामे असत.

“पण बरं झालं तुम्ही आलात,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळतेय. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातली आमची बाळं तुमच्या आत्यांच्या तक्त्यापेक्षा नेहमी चांगली ऐकतात. बाकी सगळ्या वयांत जमतं, फक्त तिथेच नाही. आधी मला वाटलं, आमचं यंत्र भारी आहे. मग दुसऱ्या यंत्रावर घेतलं, तरी तेच.”

“म्हणजे?”

“म्हणजे कदाचित काहीच नाही. पण मी आत्यांना पत्र लिहिलं होतं. सविस्तर, आकड्यांसकट. दीड वर्ष झालं.” त्यांनी कप बाजूला सारला. “दर पत्राला उलट टपाली उत्तर देणारी बाई. या एका पत्राला मात्र त्यांनी उत्तर दिलं नाही.”

५

परत येताना तिनं बस सोडून दिली आणि चालत निघाली. डोक्यात किडा वळवळत होता आणि पायांना वेग आला होता. दोन चौक ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण आतापर्यंत प्रश्नच चुकीचा विचारत होतो.

शून्यानं फायदा कोणाचा, हे ती शोधत होती. या धंद्यात लोक आकडे फुगवतात. मित्रांना सांगून तक्ते उतरवायला लावतात, एकमेकांचे संदर्भ देतात. आकडा खाली आणण्यासाठी धडपडणारा माणूस तिनं बारा वर्षांत पाहिला नव्हता. तसा माणूस असलाच तर त्याला फायदा नको होता. त्याला तक्ता नाहीसा व्हायला हवा होता. उघडपणे मागे घेतला तर कारण द्यावं लागतं. वापराविना गेला तर कोणी कारण विचारत नाही.

ऑफिसात येऊन ती खुर्चीत न बसताच यंत्रावर वाकली आणि आत्याचा तक्ता उघडला. नियमाचा विचार तिनं केला नाही. ओळींमागून ओळी सरकत गेल्या. हजारो बाळं, डावा कान, उजवा कान. मध्येच एखादं बाळ झोपेतून उठून रडू लागलेलं असे, दुसरा कान तपासायचा राहून जाई. तिथे दुसऱ्या कोणी रकाना रिकामा सोडला असता. आत्यानं सोडला नव्हता. राहिलेल्या प्रत्येक जागी तिनं एक छोटी आडवी रेघ मारली होती. चौदा वर्षांत एकही रकाना रिकामा नव्हता.

बदलाच्या नोंदीचा कागद तिच्या पर्समध्ये होता. तो काढायची खरं तर गरज नव्हती. तरी तिनं काढला. कारण, आधार, जोडपत्र, शेरा. चार रेघा.

तिनं खाली जाऊन यंत्रमास्तरांना विचारलं, रिकाम्या रकान्यात यंत्र आपोआप रेघ टाकतं का. मास्तर म्हणाले, यंत्राला काय पडलंय. मग ती फाटकावर गेली. त्या बुधवारी डॉक्टरांशिवाय कोणी आलं होतं का, असं तिनं वॉचमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, वहीत आहे तेवढेच. कोणी म्हणजे कोणीच नाही, असं तिनं पुन्हा विचारल्यावर त्यांनी डोकं खाजवलं.

“तुमच्या आत्याबाई आल्या असतील. बुधवार ना. पण त्यांची सही कोण घेतं? त्या घरच्याच.”

६

आत्यानं दार उघडलं आणि तिच्याकडे पाहून बाजूला झाली. टेबलावर एक जुना पत्र्याचा डबा होता. कदाचित सकाळपासूनच तो तिथे असावा.

“मीच सांगणार होते,” आत्या म्हणाली. “तुझं नाव येईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पडदा चालू होता. मी तुला जेवणाचा डबा द्यायला आले होते. नमुन्याची खूण कशी करतात, ते तुझ्या भाषणात दहा वेळा ऐकलेलं. दोन मिनिटांचं काम.”

मोजणीताई उभीच राहिली. 

“का, आत्या?”

आत्यानं डब्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला. यंत्र दुरुस्त करणाऱ्याची पावती होती. तिच्या पेटीतलं यंत्र एकदा वार्षिक तपासणीला गेलं होतं, आणि तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, की यंत्र काट्यावर दाखवतं त्यापेक्षा हळू आवाज देतं. कधीपासून, ते सांगता येत नाही. त्या काळात आत्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. आत्यानं यंत्र दुरुस्त करून घेतलं, पावती डब्यात टाकली आणि ती विसरली. डॉक्टरांचं पत्र आलं तेव्हा तिनं डबा धुंडाळला. हिशेब लावला. आठ महिने. आणि नेमक्या त्याच आठ महिन्यांत तिला तान्ह्या बाळांच्या कक्षात जायची परवानगी मिळाली होती. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यांच्या ओळी जवळजवळ सगळ्या तेव्हाच्या.

“यंत्र आवाज हळू द्यायचं,” आत्या म्हणाली. “मी काट्यावरचा आकडा लिहायची. म्हणजे बाळ बारीक आवाज ऐकतंय आणि मी लिहितेय मोठा. त्यामुळे माझ्या तक्त्यात त्या वयाच्या बाळानं थोडं कमी ऐकलं तरी ते ठीकच दिसतं.”

मोजणीताईला ते उमजायला क्षणभर लागलं. 

“म्हणजे ज्याला खरंच कमी ऐकू येतं, ते बाळ...”

“त्यालाही ठीक आहे म्हणून घरी पाठवत असतील. सगळ्यांना नाही. काठावरच्यांना.” आत्याचा आवाज बारीक झाला. “पत्र लिहायला बसले. किती वेळा बसले. मी चौदा वर्षांत एक रकाना रिकामा ठेवला नाही गं. मला वाटलं, तक्ता गुपचूप नाहीसा झाला की लोक आपोआप नवा वापरतील. कोणाला काही सांगावं लागणार नाही.”

“इथून गेला म्हणून त्यांच्या भिंतीवरून जाईल का?” मोजणीताई म्हणाली. तिचाही आवाज आता खाली आला होता. “उतरवून घेतलेला तक्ता त्यांच्याकडे असतो, आत्या. छापून लावलेला असतो. आपण इथे काढून टाकला तर एवढंच होईल, की तो चुकलाय हे सांगायची जागा उरणार नाही.”

आत्या खाली बसली.  मग तिनं विचारलं, किती जणांकडे असेल?

“ते मोजायला तर मला पगार मिळतो,” मोजणीताई म्हणाली.

७

शुक्रवारी सकाळी नऊला तिनं यंत्रमास्तरांकडून नमुन्याची खूण काढून घेतली आणि मोजणी पुन्हा चालवली. शून्य पुसलं गेलं. गेल्या वर्षात तक्ता चारशे बारा वेळा उतरवला गेला होता. आतापर्यंत एकशे सदतीस निबंधांत त्याचा संदर्भ होता. ही सगळी माणसं कुठे आहेत, याचा पत्ता प्रत्येक निबंधाच्या पहिल्याच पानावर होता. तिनं यादी केली तेव्हा बावन्न दवाखाने आणि संस्था निघाल्या.

साडेअकराला ती आत्याला घेऊन संचालकबाईंसमोर उभी राहिली. आत्यानं सगळं स्वतः सांगितलं, मध्ये एकदाही भाचीकडे पाहिलं नाही. संचालकबाईंनी पावती दोनदा वाचली. मग त्यांनी अडतीस तक्त्यांच्या यादीतली सव्विसावी ओळ खोडली आणि पडदा चालू सोडून उठल्याबद्दल मोजणीताईला लेखी ताकीद दिली. आत्याला त्या एवढंच म्हणाल्या, की सुधारणेची सूचना तुमच्या सहीनं जाईल, आमच्या नाही.

“माझ्याच सहीनं जायला हवी,” आत्या म्हणाली.

पुढचे नऊ दिवस दोघींनी फोनवर काढले. मोजणीताई नंबर लावून द्यायची, बोलायची आत्या. काही ठिकाणी लोकांनी आभार मानले. एका प्राध्यापकांनी तिला अर्धा तास फैलावर घेतलं, आणि तिनं ते निमूटपणे ऐकून घेतलं. एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, वही आणते. त्यांच्या वहीत काठावरची सात बाळं निघाली. कानाच्या डॉक्टरांनी आपली माणसं कामाला लावली आणि त्या चार आठवड्यांच्या ओळी नव्यानं मोजून दिल्या. बावन्न ठिकाणांहून मिळून एकोणसाठ मुलांना परत बोलावलं गेलं. त्यांतल्या सहा जणांना खरंच कमी ऐकू येत होतं. आत्यानं तो आकडा ऐकला आणि पावतीच्या मागे लिहून ठेवला.

पण मोजणीताईच्या जिवाला स्वस्थता नव्हती. संदर्भ देणारे सापडले होते. उतरवून घेऊन कुठेच काही न लिहिणारे त्याहून कितीतरी जास्त. त्यांची नावं भांडाराला ठाऊक नव्हती. सापडण्याची वाटही नव्हती. तिनं तक्त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत सूचना लावली, खाली आत्याचं नाव आणि फोन नंबर. मग रोज सकाळी आल्या आल्या ती सूचना किती जणांनी उघडली ते बघू लागली. कधी चार, कधी अकरा, कधी एकही नाही. एखादा आकडा दिसला की ती विचार करत बसे, हा कोण असेल, यानं पूर्ण वाचलं असेल का. जेवताना मध्येच उठून ती फोन बघायची. आत्याही बघायची. 

दोन महिन्यांनी एका दुपारी आत्याचा फोन वाजला. पलीकडे एक नर्स होती. दोन खोल्यांचा दवाखाना, डॉक्टर आठवड्यातून एकदा येणार, बाकी सगळं हीच बघणार. निबंध वगैरे तिनं जन्मात लिहिला नव्हता. तक्त्याचा छापलेला कागद फाटला म्हणून नवा काढायला ती भांडारात शिरली, तर वर सूचना. तिनं त्याच दिवशी रजिस्टर काढलं आणि एका मुलीला परत बोलावलं. पाच महिन्यांची होती. पुढे मोठ्या इस्पितळात पाठवली. काल कानाला यंत्र बसलं.

आत्यानं फोन कानापासून थोडा दूर धरला, भाचीलाही ऐकू जावं म्हणून.

“कशी आहे ती?” आत्यानं विचारलं.

“काय सांगू बाई,” नर्स म्हणाली. “कालपासून तिची आई मला शिव्या घालतेय. भांडं पडलं की ही रडते. दार लागलं की रडते. बाप शिंकला तरी रडते. घरात कोणाला झोप म्हणून नाही.”

 आत्या हसायला लागली, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता हातानं खूण करून तिनं भाचीकडे कागद आणि पेन मागितलं, या सातव्या बाळाची नोंद करायला.